ताप घरात कुणी आणला

गणपती गेले की आठवड्याभरात आमच्या दुकानातला आवाज बदलतो. सातपूरच्या एका मेडिकलमध्ये मी अकरा वर्षं काउंटरला उभी आहे. त्यामुळे मला ऋतू आकाशाकडे बघून कळत नाहीत, लोकांच्या घशावरून कळतात. आधी कोरडा खोकला येतो, एखाद-दुसरा. मग शिफ्ट सुटल्यावर गाडी बाजूला लावून, हेल्मेट न काढताच विचारणारे येतात, "मॅडम, अंग लय दुखतंय, काहीतरी कडक द्या ना." मग मुलं कडेवर घेतलेल्या बाया. मुलांचे गाल लाल, डोळे पाणावलेले, डोकं आईच्या खांद्यावर टाकून दिलेलं. तापाच्या सिरपचं खोकं ज्या दिवशी दुपारपर्यंत रिकामं होतं, त्या दिवशी आमचे शेठ म्हणतात, "आला बरं का सीझन."

यंदाही ते तसंच म्हणाले. मी नेहमीसारखी हसले नाही. मला एकदम थकल्यासारखं झालं. तो थकवा त्या दिवसाचा नव्हता. तीन वर्षांपूर्वीचा होता, अंगात कुठेतरी तसाच राहून गेलेला.

या दिवसांत नाशिकची हवा धड कुठलीच नसते. सकाळी धुकट गारवा, दुपारी चटका, चारच्या सुमाराला एक सर येऊन जाते आणि गॅलरीतले कपडे पुन्हा घरात येतात. खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, खिडकीच्या गजांना अर्धवट ओले कपडे, आणि त्यांचा तो आंबूस वास. त्या वर्षी आमच्या घरात हा वास आणि बामाचा वास दोघेही मुक्कामाला होते. अजूनही ओल्या टॉवेलला तो वास आला की माझे गुडघे दुखतात. खरंच दुखतात. उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही.

घरात आम्ही पाच माणसं. रेवाचे बाबा कंपनीत, एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. रेवा तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. ओम दोन वर्षांचा. आणि आबा, माझे सासरे. आबांनी जन्मभर मखमलाबादच्या पुढे झेंडू, मेथी, कोथिंबीर पिकवली. सासूबाई गेल्यावर वावर मोठ्या दिरांच्या हाती देऊन ते आमच्याकडे राहायला आले. चाळीस वर्षं बिड्या ओढून छाती पार कामातून गेलेली. जिना चढून आले की पाच मिनिटं बोलायचे नाहीत, नुसता हात वर करून 'थांब' म्हणायचे. आतली लहान खोली त्यांची. संध्याकाळी तिथे त्यांचा आणि रेवाचा पत्त्यांचा डाव चालायचा. आबा उघड उघड लबाडी करायचे आणि रेवा ओरडून घर डोक्यावर घ्यायची.

त्या सोमवारी रेवा शाळेतून आली ती दप्तर जमिनीवरून ओढत. बूट न काढता दारातच बसली.

"आई, माझे केस दुखतायत."

"केस कसे दुखतील गं?"

"दुखतायत. हात नको लावू."

कपाळाला हात लावला आणि पुढचा सगळा आठवडा मला त्या एका स्पर्शात कळला. वर्गाच्या ग्रुपवर चार दिवस तेच चाललं होतं, आज याला ताप, उद्या तिला. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, "फ्लू आहे. सगळीकडे तोच आहे. पाणी द्या, झोपू द्या. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर मुलांना जरा लांब ठेवा."

घरी येऊन मी आबांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दाराशी स्टूल ठेवलं. ताट, पाणी, औषध, सगळं स्टुलावर. रेवाला समोर उभं करून सांगितलं, "आबांच्या खोलीत अजिबात जायचं नाही. ताप उतरेपर्यंत पत्ते नाहीत, काही नाही. कळलं?"

तिने मान हलवली. आतून आबा म्हणाले, "मला काय कोंडून घालती का काय तू?"

"चार दिवस आबा, फक्त चार दिवस."

"चार दिस म्हंजे लय होत्यात गं," ते म्हणाले, पण दार उघडलं नाही.

मंगळवारी ओम तापला. बुधवारी रेवाचे बाबा कंपनीतून दुपारीच परत आले, डोळे लाल, दात वाजतायत. हॉलमध्ये मी ओळीने गाद्या घातल्या. सिरपच्या बाटल्यांची झाकणं चिकट झाली, माझी बोटं चिकट, दारांच्या कड्या चिकट. कुणाला कधी काय दिलं ते कॅलेंडरवर लिहायला लागले, आणि दोन दिवसांनी ते माझं मलाच वाचता येईना. ओम औषध तोंडात धरून ठेवायचा आणि मी पाठ वळवली की उशीवर सोडून द्यायचा. उलटी झाली की चादर बदलायची. बदलायला कोरडी चादर नाही. मग साडी अंथरायची. रेवाला पेज भरवावी तर ओम रडतो, ओमला घ्यावं तर रेवा नुसती बघत राहते. तिची ती न रडता बघत राहायची सवय तेव्हाचीच असावी.

दिवसभर लोकांना मी सांगत असते: भरपूर पाणी, आराम, काळजी करू नका, तीन दिवसांत उतरेल. काउंटरच्या या बाजूने ते किती सोपं वाटतं. आराम म्हणजे कुणी कुणाला करून द्यायचा असतो, हे त्या कागदी पुडीवर लिहिता येत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी आंघोळीचं पाणी तापवत होते. वळून बघते तर रेवा शाल पांघरून आबांच्या खोलीतून बाहेर येतेय.

"रेवा! काय सांगितलं होतं?"

"आबांनी हाक मारली. त्यांचा चष्मा पलंगाखाली गेला होता. मी फक्त चष्मा दिला."

"मला सांगायचंस ना!"

"तू ओमची शी धुवत होतीस."

आबा आतून म्हणाले, "मीच बोलावलं. तिला नको बोलू." मी पाण्याखालचा गॅस बंद केला. ओरडायलाही ताकद लागते.

गुरुवारी मला ताप भरला. उभं राहिलं की फरशी पाण्यासारखी हलायची. खालच्या मजल्यावरच्या जगताप काकू दाराच्या कडीला डबा अडकवून बेल वाजवून जायच्या. आम्ही दार उघडेपर्यंत त्या जिना उतरलेल्या असायच्या. त्या डब्यातली मुगाची खिचडी मी उभ्यानेच खाल्ली, बोटांनी, हात न धुता. त्यानंतर काकूंनी कितीदा तरी काय काय खाऊ घातलं, पण ती खिचडी वेगळीच होती.

शुक्रवारी सकाळी आबांचा चहा स्टुलावर तसाच राहिला. दार ढकललं. ते पलंगाच्या काठावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं. कोरोनाच्या वेळी घेतलेलं, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र कपाटात होतं. लावलं. अठ्ठ्याऐंशी. काढून दुसऱ्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी.

"आबा, दवाखान्यात जायचंय."

ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "उद्या... नवमी... हाय. पान... चुकवू नको."

पितृपंधरवड्यातली ही नवमी म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईची. सासूबाईंचं सगळं मोठ्या दिरांकडे व्हायचं, पण आबा आमच्याकडे आल्यापासून एक पान आमच्या गच्चीवरही ठेवलं जायचं, आणि ते त्यांनी स्वतः नेऊन ठेवायचं. एकशे एक ताप असलेला मुलगा बापाला धरून जिना उतरला. जगताप काका रिक्षा घेऊन आले होते. मी वरून बघत होते. कोण कुणाला धरतंय ते वरून कळत नव्हतं.

तासाभराने हॉस्पिटलमधून फोन आला. रेवाच्या बाबांनी फोन डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर चांगले होते, शांत बोलत होते. त्यांनी विचारलं, "यांना फ्लूची लस दिली होती का या वर्षी?"

"नाही."

"ठीक आहे." आणि मग, बहुधा रेवाच्या बाबांनी सांगितलं असावं म्हणून, "तुम्ही मेडिकलमध्ये आहात ना?"

"हो."

दर वर्षी पावसाच्या तोंडावर ती लस आमच्या फ्रिजमध्ये येते. दर वर्षी मी लोकांना सांगते, घरात वयस्कर माणूस असेल तर डॉक्टरांना विचारून देऊन टाका. घरी जाताना रोज तो फ्रिज बंद आहे ना ते मी हात लावून बघत असे.

शनिवार. नवमी. मला आठवतात त्या सगळ्या दुपारींत ही एक दुपार अजून जागच्या जागी आहे. गॅसच्या एका बाजूला खीर, दुसऱ्या बाजूला वरणाचा कुकर. ओम कडेवर, त्याचं तापलेलं तोंड माझ्या मानेत. डोळ्यांपुढे भाताच्या पातेल्याची कड दोन-दोन दिसत होती. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी पान आधीच ठेवून झालेलं. फोन वाजला. रेवाचे बाबा.

"आयसीयूत हलवतायत. मोठा मास्क लावलाय. सही घेतली माझी."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही सांगता येत नाही म्हणाले." आणि मग तो मोठा माणूस फोनवर खोकत खोकत रडला. खोकला कुठला आणि रडणं कुठलं ते मला वेगळं करता आलं नाही.

फोन ठेवला. मागे रेवा उभी होती. तिचा ताप त्या दिवशी उतरला होता, केस घामाने कपाळाला चिकटलेले. हातात पत्त्यांचा कॅट.

"आई, आबा कधी येणार?"

मी वळले. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"तुला सांगितलं होतं ना त्यांच्या खोलीत जाऊ नको? सांगितलं होतं की नाही? तुझ्यामुळे झालंय हे सगळं. तुझ्यामुळे आबा तिकडे पडलेत."

ती रडली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. पत्ते ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवले आणि दाराजवळ जाऊन चपलांच्या रॅकशेजारी बसली. मी खीर ढवळत राहिले. पान वाढलं, गच्चीवर नेऊन ठेवलं, हात जोडले. सासूबाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

लोक म्हणतात, आजारपणात माणसं जवळ येतात. येत असतील. आमच्या घरात त्या आठवड्यात एक मुलगी लांब गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांनाच ताप होता. ती दर थोड्या वेळाने हात धुवायची. ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवायची. मी समजले, उन्हात बरं वाटत असेल. मग एकदा ओम तिच्याकडे धावत गेला, त्याने तिच्या पायांना मिठी मारली, आणि तिने आपले दोन्ही हात वर उचलून धरले. हात खरकटे असले की आपण धरतो ना, तसे. ओम खाली लोंबकळत हसत होता आणि ती हात वर करून, मान वळवून, श्वास रोखून उभी.

तेव्हा मला कळलं. तेव्हा तरी मी तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं धर त्याला, पडेल तो." बस, एवढंच.

आबा वाचले. हे आधी सांगायला हवं होतं कदाचित. सात दिवसांनी ते घरी आले, निम्मे होऊन. शर्टाच्या आत माणूस कुठे आहे ते शोधावं लागे. हॉस्पिटलने त्यांना फुप्फुसांच्या व्यायामाचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं, तीन नळ्या, तीन चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर जातात. आबांचा पहिला चेंडू जेमतेम हलायचा.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, "रेवा कुठाय?"

ती दारात उभी होती. चौकटीच्या बाहेर, बरोबर रेघेवर.

"ये की. अशी लांब का?"

"नाही. मी आले की तुम्ही आजारी पडता."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर वेळा लिहीत होते. पेन थांबलं होतं.

"कोन म्हनलं असं?"

मी वाट बघितली. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, सांगू दे. सांगून टाकू दे एकदाचं.

"कोणी नाही," रेवा म्हणाली. "मलाच माहितीय."

सात वर्षांच्या मुलीने मला झाकलं, आणि मी झाकून घेतलं.

त्यानंतर बरेच दिवस आबांचा व्यायाम असा चालायचा. ते पलंगावर, ती दारात. ते श्वास ओढायचे, ती मोजायची. "एक. एकच आबा. दुसरा हललाच नाही." ते म्हणायचे, "हालला की. तुला तिथनं दिसत नाय. जवळ येऊन बघ." ती म्हणायची, "मला इथून नीट दिसतं." लबाडीला ती आता ओरडायची नाही. एकदा ओमने ते यंत्र पळवलं. नळी तोंडात धरून घरभर धावला, मग पुन्हा आबांच्या पलंगावर चढून उड्या मारायला लागला. यंत्र आता आपटणार हे दिसताच रेवा आत धावली, तिने त्याच्या हातातून ते हिसकावलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पलंगापाशी उभ्या आहोत. ती वळणार एवढ्यात आबांनी तिचं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हताच त्यांच्या, सोडवून घेता आलं असतं.

"आता आलीच हायस तर बस."

ती बसली. काठावर. खूप वेळ तोंडासमोर हात धरून बसली होती. मी स्वयंपाकघरातून बघितलं आणि परत भांडी घासायला लागले. वाटलं, झालं, मिटलं. मुलं विसरतात. आई थकलेली असते तेव्हा तिला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. रेवाला सोमवारी ताप आला. पण त्याच्या आधीच्या शनिवारी, दुकानात, दुपारी तीनच्या सुमाराला माझा घसा दुखायला लागला होता. पाठीचा कणा जड. ज्यांना दिवसभर दोन-दोन फुटांवरून गोळ्या दिल्या त्यांच्यापैकीच कुणाचा तरी प्रसाद, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझं कामच ते. मी ड्रॉवरमधून एक गोळी काढली, घेतली आणि गिऱ्हाईक बघितलं. रविवारी दोन घेतल्या. रविवारी घरी मी सगळ्यांच्या पोळ्या केल्या. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. त्या सोमवारी दार ओढून घेईपर्यंत दिवसातून चार वेळा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम माझं. त्यांची मान मागे टेकवायची, पापणी बोटाने वर धरायची, त्यांच्या तोंडावर वाकायचं. शनिवारी वाकले, रविवारी वाकले. रेवाने त्यांना एकदा चष्मा दिला.

कुणाकडून आला असेल हे कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नसतं. रेवाच्या वर्गात ताप होताच, आणि खोलीतही ती गेली होतीच. पण 'तुझ्याकडून आला असेल' म्हणणं वेगळं आणि 'तुझ्यामुळे झालं' म्हणणं वेगळं, एवढं मला कळतं. आणि त्या दुपारी खीर ढवळताना शनिवारची ती गोळी मला आठवत होती. आठवत नव्हती असं म्हणायला मला आवडलं असतं.

परवा दुकानात एक बाई आली. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, नाक लाल. बाई हसतच म्हणाली, "सगळं घर आडवं आहे हो. हीच घेऊन आली शाळेतून. हिच्यामुळे आजीला पण झाला." मुलगी काउंटरवरच्या चॉकलेट-गोळ्यांच्या बरणीकडे बघत होती. बरणीतलं काही तिला नको होतं. तिला फक्त कुठेतरी बघायचं होतं. माझ्या हातातली औषधाची पट्टी कापायची राहिली. मी त्या बाईला काहीतरी म्हणणार होते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि नाही म्हणू शकले. मुलीला म्हटलं, "तुझं नाव काय?" तिने सांगितलं.

रविवारी सकाळी उठले तर रेवाची गादी हॉलमध्ये नव्हती. ती दहा वर्षांची आहे आता. तिने रात्रीतून शिंका आल्या म्हणून गादी, उशी, पाण्याची बाटली आणि स्वतःचं ताट-वाटी असं सगळं उचलून आतल्या खोलीच्या मागच्या, सामान ठेवायच्या जागेत नेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. तोंडाला मास्क लावून ती भिंतीशी गणितं करत बसली होती.

"अगं, साधी सर्दी असेल."

"असू दे ना. मला सवय आहे."

दुपारी सगळे जेवून पांगल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले. गुडघे दुखत होते. म्हटलं, "रेवा, तुला आठवतं का, आबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा..."

"हो. तू खीर करत होतीस." ती वहीतून मान वर न काढता म्हणाली. "ओम कडेवर होता. तू म्हणालीस, तुझ्यामुळे."

तीन वर्षं मी धरून चालले होते की ती विसरली.

मग मी सांगितलं. शनिवारचा घसा, ड्रॉवरमधली गोळी, डोळ्यांतले थेंब, लस. जसं झालं तसं, काही सोडलं नाही. सांगताना मला वाटत होतं की मी फार मोठं काहीतरी करते आहे. ती ऐकत होती. पेन्सिलचं टोक वहीवर एकाच जागी फिरत होतं.

"म्हणजे तूच आणला होतास?"

"बहुतेक. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण माझा घसा तुझ्याआधी दुखत होता."

"मग मला का म्हणालीस?"

या प्रश्नाची तयारी मी करून गेले होते. दमले होते, ताप होता, बाबांचा फोन आला होता. सगळं खरं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तू जवळ होतीस म्हणून."

तिने पेन्सिल वहीत ठेवली. बाहेर ओमचा आणि आबांचा आवाज येत होता. आबा पत्त्यांत लबाडी करत होते आणि ओमला ती अजून ओळखता येत नव्हती.

"आबांना माहितीय?"

"नाही."

"त्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं बोलले. तू सांग त्यांना."

मी उठले. आबा गॅलरीत खुर्चीवर, मांडीवर पत्ते. ओमला मी खाली जगताप काकूंकडे पाठवलं आणि तिथेच, कठड्याला टेकून, दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असतं असं मला वाटलं होतं. रेवा मास्क लावून आतल्या दारात उभी होती.

आबा रस्त्याकडे बघत ऐकत होते. माझं बोलून झालं तरी बघत राहिले. पत्ते गोळा केले, ठोकून सारखे केले.

"ताप काय, कुनाचाबी येतो," ते म्हणाले. "माझं मी भोगलं, माझं काय नाय. पन पोरीला लय दिस वझं वागवायला लावलंस तू."

"हो आबा."

माफ केलं म्हणाले नाहीत आणि मी माफी मागितलीही नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटून मान खुर्चीला टेकवली. मी आत आले.

रेवा परत आपल्या गादीवर जाऊन बसली होती. वही मिटलेली. मला काहीतरी समजावून सांगायचं होतं, मुलांना समजावतात तसं. सोमवारी सकाळी नऊला पुन्हा काउंटर, पुन्हा तेच खोकले. मी तिच्या गादीच्या कडेला आडवी झाले.

"आई, तुला होईल."

"झाली तर झाली."

"मग मला बोलशील."

"नाही बोलणार."

तिने जरा विचार केला. मग ती सरकली, भिंतीकडे, आणि मला पाठ टेकायपुरती जागा झाली.